कोणीच आजारी नसताना काढलेली मुळी

सून ओरडली तेव्हा मी तिच्यापुढे वीस-पंचवीस पावलांवर होते. मी मागे वळून बघितलं नाही.

“आत्या! आत्या गो, चावला मना!”

माझ्या पदरात काविळीची मुळी होती. मुळी जमिनीतून निघाली की ती घराच्या जोत्यावर ठेवेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही, असा नेम आहे. बघितलं तर औषधाचं लाकूड होतं. मला हा नेम सासूने शिकवला, तिला तिच्या सासूने. चाळीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. एकदा बैल दावं तोडून मागे लागला होता, तेव्हाही नाही. मग मी चालत राहिले.

आमच्या मागे बांधावर पंधरा माणसं उभी होती. सगळ्यांच्या हातात मोबाईल. बोलायचं नाही असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं, म्हणून ती बोलली नाहीत. भाताच्या वाफ्यात एक बाई पाय धरून ओरडते आहे आणि पंधरा शिकलेली माणसं तिच्यावर मोबाईल रोखून गप्प उभी. त्यांना वाटलं, हा विधीचाच भाग आहे. पुढे एकीने मला तसं कबूलही केलं. म्हणाली, फार खरं वाटत होतं हो.

सून परत ओरडली. या वेळी “आत्या” नाही, नुसतं “आयो”. मग कोणीतरी बांधावरून उडी मारल्याचा आवाज आला, जड बुटांचा. मी घर गाठलं, मुळी जोत्यावर सुपात ठेवली आणि मग वळले. एक विडी ओढून संपेल एवढा वेळ त्यात गेला. घोणस चावल्यावर तेवढा वेळ म्हणजे किती, हे मला त्या पंधरा जणांपेक्षा चांगलं माहीत होतं. माझा नवरा घोणशीनेच गेला.

ही माणसं कोण ते आता सांगते. मुंबईची एक संस्था आहे. मुरबाडच्या रस्त्याला आंब्याची बाग घेऊन तिथे त्यांनी मातीच्या खोल्या बांधल्यात. जमीन शेणाने सारवायला आमच्याच बायका जातात, कारण तिथे राहायला येणाऱ्यांना शेण फक्त बघायला आवडतं. संस्थेच्या मुख्य बाई हातमागाची साडी नेसतात, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावतात आणि मला “आजी” म्हणतात. त्या माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असतील.

त्यांनी ठरवलं की जगातले जुने वैद्य एकमेकांना भेटवायचे. जगातले म्हणजे दोघे आले. एक चीनचा डॉक्टर, सुया टोचणारा. दुसरी चिले नावाच्या देशातली बाई. तिच्या जमातीला मापुचे म्हणतात. ती त्यांची वैदीण. वयाने माझ्याएवढी, रुंद, छातीवर चांदीच्या पत्र्यांचा दागिना, पायात पुरुषाचे बूट. चीनचा डॉक्टर बरीच वर्षं तिच्याच देशात राहतो, तिच्या गावाजवळच्या शहरात. तो त्याला न जमणारे आजारी तिच्याकडे पाठवतो, ती तिला न जमणारे त्याच्याकडे. दोघं तिकडचीच भाषा बोलत आणि पुण्याची एक दुभाषी पोरगी ते मराठीत सांगायची. आमच्या बाजूने दोघांना बोलावलं होतं. कावीळ आणि विंचू यांच्यासाठी मी. सापासाठी म्हसा गावचा एक भगत, मंत्राने विष उतरवणारा.

मी चौथी शिकलेली आहे. वाचता येतं. संस्थेच्या कागदावर माझ्या नावापुढे “वनौषधींची ज्ञानमाता” असं छापलं होतं. मी बाईंना म्हटलं, “मना फकस्त दोन औषधं येतात. त्यात ज्ञान कुठलं नि माता कुठली?” त्या म्हणाल्या, “आजी, तुमची हीच नम्रता.” नम्रता नव्हती. मोजून दोनच येतात.

पहिल्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून मध्ये दिवा ठेवला. प्रत्येकाने आपलं मातीशी नातं सांगायचं. मुंबईच्या एकाने सांगितलं की तो गच्चीवर कुंडीत टोमॅटो लावतो आणि त्याला रडू आलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माती पायाला लागते, संध्याकाळी धुवायची. भगताने मात्र अर्धा तास लावला. नागाने त्याच्या पणजोबाला स्वप्नात येऊन मंत्र दिला, वगैरे. त्याच नागाचे भाऊबंद दर पावसात माणसं मारतात, त्याबद्दल काही बोलला नाही.

मग देवाणघेवाण सुरू झाली. हा त्यांचा शब्द. चीनच्या डॉक्टरने काचेच्या वाट्या काढल्या, आत जाळ फिरवून एकाच्या पाठीला चिकटवल्या. कातडी लाल होऊन वाटीत वर आली. सगळ्यांनी “आ” केलं. मी म्हटलं, ही तर तुंबडी. माझ्या लहानपणी तुंबडीवाल्या बायका दारावर यायच्या, शिंग लावून तोंडाने रक्त ओढायच्या. आम्ही त्यांना सूपभर तांदूळ द्यायचो आणि जवळ बसू द्यायचो नाही. आता तेच काचेचं झालं तर आ करता होय?

दुभाषी पोरीने ते सांगितलं. डॉक्टर हसला आणि वहीत लिहून घेतलं. मग त्याने सुक्या पाल्याची वळलेली विडी पेटवली आणि ती रोग्याच्या गुडघ्याजवळ धरली, टेकवली नाही. मी विचारलं, “डाग कधी देनार?”

“डाग देत नाहीत, आजी. नुसती ऊब.”

“भाजायचंच नाय, तर पेटवलं कशाला? फडका गरम करा नि ठेवा.”

आमच्याकडे अजून काही ठिकाणी तान्ह्या पोराचं पोट फुगलं की बांगडी तापवून पोटावर डाग देतात. मी सुईण असताना अशी पोरं बघितली आहेत. त्यामुळे टेकवत नाही हे ऐकून मला त्या डॉक्टरबद्दल बरं वाटलं होतं. पण मी तसं बोलले नाही. बरं वाटलं तर बोलून दाखवायचं, ही माझी सवय नाही.

त्याने माझीही नाडी बघितली, दोन्ही हातांची, तीन बोटांनी, डोळे मिटून. मग जीभ काढायला लावली. म्हणाला, यकृतात राग साठला आहे.

“राग तोंडात हाय,” मी म्हटलं. “साठवायला ठेवतच नाय मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मापुचे बाईने मूत बघितलं. तिच्या देशात ती रोग्याची सकाळची लघवी बाटलीत घेऊन उन्हाकडे धरते आणि आजार सांगते. संस्थेची माणसं बाटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. आमच्या दवाखान्यात ह्याच माणसांना लघवी तपासायला द्यायला सांगितली तर नाक मुरडतील. तिने एका जाड माणसाची बाटली बराच वेळ बघितली आणि दारू कमी करायला सांगितलं. सगळे थक्क. मला तर ते त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या बघून पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तिच्याजवळ एक ढोल होता. लाकडाच्या परातीसारखा, वर कातडं, कातड्यावर रंगाने चार भाग पाडलेले. बाईंना तो ढोल वाजवून हवा होता. तिने विचारलं, “आजारी कोण आहे?”

बाई म्हणाल्या, “कोणी नाही. फक्त दाखवा.”

“मग नाही.”

बाईंनी तीन वेळा विनवलं. जेवण झाल्यावर पुन्हा. ती बाई भाकरी मोडत राहिली. मला तिचा राग आला. म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून आली, विमानात बसली, आयतं खाल्लं, आणि ढोल वाजवायला हिला आजारी माणूस पाहिजे. किती तो ताठा. आता मी दाखवते यांना, असं माझ्या मनात आलं. खरं तेच सांगते. मला त्या दोघांपुढे मिरवायचं होतं. बाईंनी विचारलं, “आजी, मुळी काढण्याचा विधी आम्हाला बघता येईल?” मी हो म्हटलं.

आता मुळी कोणासाठी काढायची, हा नेमाचा पहिला भाग. आदल्या संध्याकाळी झाडाकडे जायचं, बुडाशी चिमूटभर तांदूळ आणि सुपारी ठेवायची, आजाऱ्याचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, उद्या न्यायला येते. नाव नसेल तर झाडाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशीचं न बोलणं, मागे न बघणं, हे सगळं त्या नावासाठी असतं.

त्या संध्याकाळी माझ्याबरोबर मापुचे बाई आणि दुभाषी पोरगी, दोघीच आल्या. बाकीचे योग करत होते. मी तांदूळ ठेवले. मापुचे बाई उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, त्यांच्याकडेही प्रत्येक झाडाला एक धनी असतो, त्याला विचारल्याशिवाय पान तोडत नाहीत, आणि नुसतं घेऊन जात नाहीत, काहीतरी ठेवतात. मग तिने विचारलं, “कोणासाठी आहे?”

“तुमच्यासाठी,” मी म्हटलं. “बघायला.”

“मी आजारी नाही.”

“नाय तर नाय. तुला काय करायचंय?”

पोरगी घुटमळली. मी म्हटलं, सांग तिला, जसं बोलले तसंच सांग. तिने काय सांगितलं कोण जाणे. मापुचे बाई उठली. मी सुपारी ठेवली आणि कोणाचंच नाव घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी आले. आमचं घर शेणवे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. कापणीचे दिवस होते. सून वाफ्यात भात कापत होती. तिच्या पायात गुडघ्याएवढे रबरी बूट. माझ्या मुलाने शहापूरहून आणलेले, कारण त्याचा बाप कसा गेला हे त्याला ठाऊक आहे. बूट घातल्याशिवाय वाफ्यात उतरायचं नाही, असं त्याने बायकोला बजावलेलं.

बाईंनी मोबाईलमधून बघितलं आणि मान हलवली. “ते बूट काढता येतील का? मागे दिसतायत.”

सून म्हणाली, “बाई, हितं जनावरं असतात. आमी बूट घालूनच उतरतो.” साप म्हणत नाहीत आमच्याकडे, जनावर म्हणतात.

“फक्त दहा मिनिटं गं. रबराचे आहेत ना, फार विचित्र वाटतंय. बाकी सगळं किती सुंदर आहे.”

सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी बाईंना हाकलून देईन. एरवी दिलं असतं. मी म्हटलं, “काढ गो. दहा मिनटांत मरशील का?”

तिने काढले. बांधावर नीट जोडून ठेवले.

पुढचं सांगून झालंय. मी जोत्यावर मुळी ठेवून परत धावले तेव्हा सून बांधावर आडवी होती. डाव्या पायाच्या बोटांपाशी दोन भोकं, पाय सुजायला लागलेला. जनावर तिने बघितलं होतं. जाड, अंगावर साखळी, शिट्टीसारखा फुत्कार. घोणसच. मापुचे बाई तिच्या डोक्याशी बसली होती, एक हात तिच्या छातीवर. बांधावरून उडी मारणारी तीच. पंधरा माणसांत एकटीला कळलं की ओरडणारी बाई ओरडतेय. यात तिची विद्या काही नाही. कान असले की कळतं. बाकीच्यांचे कुठे गेले होते?

भगत तोवर पुढे आला होता. आता आपला दिवस आला असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. कमरेची दोरी सोडून त्याने मांडीला बांधायला घेतली, एकाला ब्लेड आणायला सांगितलं आणि मंत्र सुरू केला. मोबाईल परत वर गेले. एक बाई पुटपुटली, “कोणी अडवू नका, त्यांची पद्धत आहे.”

चीनच्या डॉक्टरने दोरी काढून घेतली. ब्लेड आलं, तेही घेतलं आणि खिशात टाकलं. बारका माणूस, पण भगताचं मनगट असं धरलं की मंत्र थांबला. दुभाषी पोरगी रडत रडत सांगत होती, “बांधायचं नाही. कापायचं नाही. तिला चालवायचं नाही. दवाखाना, दवाखाना म्हणतायत ते.”

भगत म्हणाला, “ह्याला आपलं जनावर काय म्हाईत? चीनचा तो. उंदीर खातात तिकडं.”

मी म्हटलं, “तुझ्या बापाला म्हाईत व्हतं ना? माझा नवरा त्याच्याच अंगणात दिवसभर निजवला व्हता. संध्याकाळी नाका-तोंडातनं रक्त आलं तवा तुझा बाप बोलला, जनावर मोठ्या जातीचं हाय, घरी न्या. आता तू बाजूला सर.”

तो सरला नाही. गावातली चार माणसं जमली होती, ती त्याच्या बाजूने. म्हशाकडे न्या, भगताच्या देवापुढे निजवा, दवाखान्याचं मग बघू. कोणीतरी माझ्या मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला. तो भिवंडीला गोदामात कामाला. फोनवर त्याचं रडणं ऐकू येत होतं.

“आये, सगळे बोलतात भगताकडं नेऊ पयलं. मग दवाखाना.”

“तुझा बाप कुठं नेला व्हता?”

तो नाक ओढत राहिला.

“बोल ना. कुठं नेला व्हता?”

“भगताकडं.”

“मंग? शहापूरला ये.” आणि फोन ठेवला.

गाड्या तीन होत्या. ड्रायव्हर तिघेही गावात जेवायला गेलेले. बाई म्हणत होत्या की ड्रायव्हरला बोलावते, पाहुण्यांना परत सोडायचंही आहे, कोणती गाडी द्यावी. इतकं झाल्यावर कोणती गाडी! दुभाषी पोरीने बाईंच्या हातातली किल्ली ओढून घेतली. त्या पोरीला मी तीन दिवस काडी समजत होते. तिने गाडी काढली. डॉक्टरने सुनेचा पाय एका फळीला ओढणीने सैल बांधला, हलू नये म्हणून. त्याच्या सुयांची पेटी त्याच्या काखेतच होती. मी विचारलं, सुईने काही व्हईल का? पोरीने विचारून सांगितलं, “म्हणतात, नाही. याला सुई नाही.” आणि मापुचे बाई मागून बोलली, त्यांच्या देशात असा साप नाहीच, पण गव्हात एक कोळी चावतो, तेव्हा ती ढोल वाजवत बसत नाही, दवाखान्यात पाठवते, आणि ढोल नंतर.

तीन दिवस ही दोघं आपापली थोरवी सांगत होती असं मला वाटत होतं. या एका बाबतीत दोघांनी आपली विद्या बाजूला ठेवली. तीन दिवसांत मला त्यांच्याकडून दिसलेलं शहाणपण एवढंच. आमच्या भगताकडे तेवढंही नव्हतं आणि माझ्याकडे होतं ते मी पदरात बांधून घरी नेत होते.

सुनेला वाटेत ओकारी झाली. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिने माझा हात धरला होता आणि सोडला. मापुचे बाईचा धरला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि टेबलावर ठेवून दिलं. वीस मिनिटं थांबायचं, गोठतं का बघायचं. तिथे माझ्याशेजारी चीनचा डॉक्टर उभा होता. आम्ही दोघं ती नळी बघत होतो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. मला राग आला की हा इथे का उभा आहे, आणि तो गेला असता तर आणखी आला असता. वीस मिनिटांनी डॉक्टरीण बाईंनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच सापाच्या विषावरची इंजेक्शनं सुरू झाली, सलाइनमधून, एकामागून एक.

डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेतलं. “आजी, चावल्यापासून किती वेळ गेला?”

मी म्हटलं, “वाटेत आनि भांडनात गेला तेवढा. आनि त्याच्या आधी थोडा.”

“आधी कशात?”

“मी मागं बघितलं नाय.”

त्यांना वाटलं, म्हातारी घाबरून भलतंच बोलते. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेची लघवी बंद झाली. तिला ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, यंत्रावर रक्त धुवायला. मुलगा तिथेच राहिला. नात माझ्याजवळ. दुसरीत जाणारी पोर. तिने विचारलं, “आजी, आईनं बूट का काढले?” मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून. ती दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाही. बरोबर केलं.

सुपातली मुळी मी उकिरड्यावर टाकली. तिच्याने कोणाची कावीळ उतरणार होती? कोणाचीच नव्हती ती.

पाहुणे दोन दिवसांनी गेले. जाण्याआधी मापुचे बाई घरी आली, त्या पोरीला घेऊन. माझ्या दारात बसून तिने तो ढोल वाजवला. बाईंनी विनवूनही वाजवला नव्हता, तोच. बराच वेळ, एकसारखा, मध्ये मध्ये गात. आवाज चांगला नव्हता. शेजारणी डोकावून हसत होत्या, “काय गो, तुझ्या घरात हे काय बसवलंस?” मी म्हटलं, “आजारी हाय माझी सून. तुमाला काय करायचंय?” मला तिचा ढोल पटला असं नाही. ठाण्याला यंत्र चालू होतं, ढोल तिथे ऐकू जाणार नव्हता. पण हाकलून दिलं नाही एवढं खरं. मी चहा केला. तिने चार चमचे साखर घातली.

संस्थेच्या बाईही भेटायला आल्या. फळं आणली. म्हणाल्या, “आजी, आपण सगळेच यातून खूप शिकलो.” मी विचारलं, “तुमी काय शिकलात?” त्या विचार करायला लागल्या. फळं मी नातीला दिली नाहीत, म्हशीला घातली.

अठरा दिवसांनी सुनेला स्वतःची लघवी झाली. मुलाचा फोन आला तेव्हा तो हेच सांगत होता, मोठ्याने, कोणी ऐकेल याची लाज नाही. मी ठाण्याला गेले. ती खाटेवर टेकून बसली होती, तोंड सुकलेलं, डावा पाय पट्टीत. मी डबा तिच्या उशाशी ठेवला. ती म्हणाली.

“आत्या, तुमी ऐकलं व्हतं ना?”

“ऐकलं.”

“दोन्ही येळा?”

“दोन्ही.”

तिने पट्टीकडे बघितलं. “मंग? उतरली का कावीळ कोनाची?”

मुलगा म्हणाला, जाऊ दे ना आता. ती त्याला म्हणाली, “तुमी गप रव्हा, मी तुमच्याशी बोलत नाय.” मग तिने पाणी मागितलं. माझ्याकडे. मी दिलं.

पुढच्या वर्षी संस्थेने सिनेमा दाखवला, पडद्यावर, आंब्याच्या बागेत. आम्हालाही बोलावलं. सून काठी घेऊन आली, बूट घालून. सिनेमात मी पुढे चालत होते, पदर घट्ट धरून, फार तोऱ्यात. मागे वाफ्यात सून वाकलेली. पाय उघडे. तिचं ओरडणं काढून टाकलं होतं आणि त्या जागी पाखरांचा आवाज घातला होता. चीनच्या डॉक्टरच्या वाट्या होत्या, मापुचे बाई बाटली उन्हात धरते ते होतं. ढोल नव्हता, कारण तो त्यांना मिळाला नव्हता. भगत मात्र तीन वेळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सून माझ्या कानाशी म्हणाली, “कसली चालताय गो आत्या. जशी काय राणी.”

काविळीचं औषध मी अजून देते. आजारी माणूस समोर असेल तरच. न बोलण्याचा, मागे न बघण्याचा नेम मी सोडला. औषध पूर्वीसारखंच चालतं, म्हणजे काहींना लागतं, काहींना नाही. ज्यांना नाही, त्यांना शहापूरला पाठवते. भगत म्हशाला अजून आहे, आणि त्याच्या अंगणात अजून माणसं निजवतात.

सुनेच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पावसाळ्यात पाय सुजतो आणि वर्षातून दोनदा लघवी तपासायला ठाण्याला जावं लागतं. या कापणीला ती वाफ्यात उतरली आहे. ती जगली.